मशीनमधले दिवस

हनीफ मन्सुरीच्या बापाने सारी हयात कापूस पिंजण्यात घालवली. जळगावात मेहरूणच्या तळ्याकडे दोन खोल्यांचं घर, खांद्यावर धुनकी आणि गल्लोगल्ली लोकांच्या गाद्या-रजया. म्हाताऱ्याच्या छातीत रुई इतकी बसली होती की बोलताना शिट्टी वाजायची. आपल्या पोराने कापसात हात घालू नये, एवढं एकच मागणं तो प्रत्येक नमाजात मागायचा. अल्लाने ते अर्धं ऐकलं. पोरगा शिकला, संगणकाचा कोर्स केला आणि नोकरी लागली ती धुळ्याकडच्या एका सूतगिरणीत. कापूस होताच, पण काचेच्या पलीकडे.

गिरणीचं नाव सांगत नाही. सांगून कोणाचं भलं व्हायचं नाही. पंचाण्णवच्या आसपासची गोष्ट आहे. तेव्हा गिरणीत संगणक म्हणजे एकच होता, काचेच्या खोलीत एसीच्या गारव्यात बसलेला. बाकी हिशेब खातं, स्टोअर, कापसाचं गोडाऊन, टाइम ऑफिस इथे नुसते पडदे आणि बटणांच्या पाट्या. जो तो समजायचा की आपल्या खात्याला स्वतंत्र मशीन दिलंय. खरं तर एकाच गाईवर सगळं घर जगत होतं. गाय आटली तर काय, हा विचार करायचं काम एकट्या हनीफचं होतं, आणि तो ते मनापासून करायचा. स्वभावाने भित्रा माणूस. ताक फुंकून पिणारे पुष्कळ असतात, हा पाणीही फुंकून प्यायचा.

या भित्र्या माणसाने आयुष्यात एक धाडस मात्र केलं होतं. गिरणीत बदली कामगार फार, त्यातही कचरा कापूस निवडणाऱ्या बाया जास्त. कायम कामगार गैरहजर असला की यांना आत घ्यायचं, नाहीतर फाटकावरून परत पाठवायचं. त्यांचा पगार मुकादमाच्या हातून एकगठ्ठा जायचा, त्यामुळे कोण किती दिवस राबलं हे नावानिशी कुठल्याच वहीत नसायचं. कायद्याने वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायम करायची मागणी करता येते. पण दिवसच लिहिलेले नाहीत तर भरणार कुठून? हनीफने टाइम ऑफिसची हजेरीची कार्डं महिन्याच्या महिन्याला मशीनमध्ये भरायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं. मॅनेजरसाहेबांच्या लक्षात आलं तोवर युनियनलाही कळलं होतं, मग साहेबांना बंद करा म्हणता येईना. कार्डं भरून झाली की रद्दीत जात. बायांचे दिवस राहत ते फक्त मशीनमध्ये.

त्या बायांमध्ये एक बेबाबाई होती. भडगावकडच्या एका खेड्यातली. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, विहिरीचं काम चालू असताना दरड कोसळून. त्याचं खापर सासरच्यांनी दरडीवर न फोडता हिच्यावर फोडलं. पांढऱ्या पायाची म्हणून घराबाहेर काढली. ती धुळ्याला आली आणि गिरणीच्या फाटकावर उभी राहू लागली. रोज सकाळी डबा घेऊन यायचं आणि मुकादम म्हणेल त्यावर दिवस अवलंबून. 'आज नको' म्हणाला की भरला डबा परत घरी. तिचं म्हणणं असं की उपाशी राहणं परवडतं, पण भरला डबा घरी नेताना वाटेत कोणी भेटलं तर मेल्याहून मेल्यासारखं होतं. कायम होणं म्हणजे तिच्या लेखी एवढंच, की फाटकावर आपल्याला कोणी 'आज नको' म्हणणार नाही.

काचेच्या खोलीबाहेरचा व्हरांडा ती झाडायची. महिना संपला की केरसुणी भिंतीला टेकवून काचेपाशी यायची आणि विचारायची, "भाऊ, मना दिन भरनात का?" हनीफ पडद्यावर पाहून सांगायचा, अजून थोडे आहेत आक्का, पण भरतील. त्या वर्षी दसऱ्याआधी त्याने सांगितलं की दिवाळीला भरतायत. ती पदराने काच पुसून गेली.

त्याच सुमारास पुण्याच्या कंपनीचा सांगावा आला, की मशीनमधली मूळ प्रणाली जुनी झाली, तिची आता आम्ही जबाबदारी घेणार नाही, नवी आवृत्ती चढवा. फ्लॉप्यांचं पुडकं कुरियरने आलं. इंजिनिअर यायचा होता, पण नवरात्रात त्याच्या घरी घट बसले होते. त्याने फोनवर सगळं समजावलं. आधी सगळ्याची टेपवर नक्कल घे. एक नाही, दोन घे, आणि एक गिरणीबाहेर ठेव. नक्कल झाली की ती उलटी, म्हणजे टेपवरून परत मशीनमध्ये, वाचून बघ, नुसती घेतली म्हणजे झालं असं नाही. आणि एकदा नवी आवृत्ती चढायला लागली की मध्ये वीज जाता कामा नये. गेली तर धड जुनं नाही, धड नवं नाही, अशी गत होईल.

हनीफने शब्दन् शब्द मनात कोरून ठेवला. दिवस निवडला खंडेनवमीचा. त्या दिवशी पाळ्या बंद, सगळे पडदे बंद, मशीन त्याच्या एकट्याच्या ताब्यात. हुशारीचा बेत होता. खरेदी खात्याने दुसरी टेप काही दिली नाही, तीन दुकानांचे भाव मागवल्याशिवाय तिथे सुईसुद्धा येत नसे. तेव्हा नक्कल एकच झाली. सकाळीच ती घेऊन त्याने टेप टेबलावर ठेवली. हाताच्या पंजाएवढी चपटी डबी, आत तपकिरी पट्टी गुंडाळलेली. उलटी वाचून बघायची होती, पण त्यात दोनेक तास जातात आणि दुपारी गिरणीची पूजा होती. त्याच्या आत नवी आवृत्ती चढून जाईल असा हिशेब करून त्याने फ्लॉप्या घालायला सुरुवात केली. पाणीही फुंकून पिणाऱ्याने नेमकं त्या दिवशी फुंकलं नाही.

तेवढ्यात बेबाबाई आली. हातात ताट, ताटात हळद-कुंकू, झेंडूची फुलं. पलीकडे सूत कातणाऱ्या साच्यांच्या खात्यात सवाष्णी यंत्रांना कुंकू लावत होत्या, त्यांचा गलका ऐकू येत होता. विधवेने घरातल्या देवाला कुंकू वाहिलं तर कोणी हरकत घेत नाही. पण गिरणीच्या यंत्राला, वर्षाच्या सणाला, चारचौघांत तिला कोण हात लावू देणार? दरवर्षी अशा बाया झेंडूच्या पाकळ्या झाडायला तेवढ्या असायच्या. तिने व्हरांड्यात इकडेतिकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "भाऊ, यामाच शेत ना मना दिन? मी वाहू का कुंकू? कोनी देखत नही."

"वाहा ना आक्का," हनीफ म्हणाला. "तुमचेच दिवस आहेत."

आणि बोलण्याच्या भरात त्याने टेबलावरच्या टेपकडे बोट केलं, की याच्यातसुद्धा आहेत. तिने मशीनच्या पेटीला दोन बोटं ओढली, फूल ठेवलं. मग टेपपुढे वाकली. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि चिमूटभर नाही, चांगली मूठभर वाहिलं. वर्षानुवर्षांचं साठलेलं असावं. डबीच्या कडेला एक झडप असते, तिच्या फटीवरून लाल भुकटी घरंगळताना हनीफने पाहिली. आक्का, त्याच्यावर नको, एवढेच शब्द होते. ते त्याच्या ओठांपर्यंत आले. पण मुसलमान माणसाने, दंगलींनंतरच्या त्या वर्षांत, पूजेत असलेल्या बाईचा हात धरून 'कुंकू नको' म्हणायचं? आणि तेही हिला, जिला सगळं जग तेच म्हणत आलं होतं? तो गप्प राहिला. ती गेल्यावर त्याने रुमालाने डबी पुसली, फुंकर मारली, आणि झालं स्वच्छ असं स्वतःला सांगितलं.

नवी आवृत्ती चढायला अंदाजापेक्षा वेळ लागला. फ्लॉप्या संपेनात. मशीन आपली जुनी माहिती नव्या घडीत बसवत होतं, पडद्यावर नुसते ठिपके सरकत होते. इकडे पूजेची वेळ झाली. गिरणीचा रिवाज असा की पूजा चालू असताना मुख्य खटका पाडायचा; वर्षभर राबलेल्या यंत्रांना घटकाभर पूर्ण विसावा, दिवा नाही, पंखासुद्धा नाही. हनीफने सकाळीच वायरमन तोतारामला गाठून ऑफिसची लाइन तेवढी चालू ठेव असं विनवलं होतं, आणि तोतारामही हो म्हणाला होता. पण ऐन वेळी संचालक शालिग्राम नाना पुढे झाले. नाना वाईट माणूस नव्हते. सत्तरी उलटलेली, गिरणीची पहिली वीट त्यांनी लावलेली. ऑफिसात एसी घरघरताना ऐकून ते एवढंच म्हणाले की विसावा म्हणजे सगळ्यांना विसावा, त्यात डावं-उजवं नको. तोतारामने हनीफकडे पाहिलं. शे-दीडशे माणसं हात जोडून उभी होती. नाना, माझं मशीन मध्यावर आहे, अर्धा तास थांबा, एवढं बोललं असतं तर नाना बहुधा थांबलेही असते. हे हनीफला नंतर कळलं. त्या क्षणी त्याला फक्त एवढं दिसलं, की शे-दीडशे हिंदूंच्या पूजेत एकटा मन्सुरी 'थांबा' म्हणतोय. खटका पडला.

बॅटरीवर मशीन थोडा वेळ तग धरेल ही शेवटची आशा होती. आरती चालू असताना तो काचेआडून ठिपके पाहत उभा होता. खानदेशातल्या उन्हाळ्यांनी बॅटऱ्या केव्हाच पोखरल्या होत्या. आरती संपायच्या आत पडदा काळा झाला. हनीफच्या हातात कोणीतरी प्रसाद ठेवला आणि त्याने तो खाल्ला. कसला होता ते त्याला आजही आठवत नाही.

वीज आल्यावर मशीन उठलंच नाही. धड जुनं नाही, धड नवं नाही. हरकत नाही, टेप आहे, असं म्हणत त्याने टेप घातली. आतून करकर आवाज आला आणि थांबला. परत घातली, परत तेच. खरं तर दुसऱ्यांदा घालायचीच नव्हती. प्रत्येक फेरीत वाळूच्या कागदाने घासल्यासारखी पट्टी घासली जात होती. पण बुडत्याला कोण सांगणार? शेवटी त्याने मशीनचा टेप वाचणारा भाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. बोळा लाल झाला. दुसरा पुसला, तोही लाल. हनीफ तिथेच खाली बसला. आपण काय गमावलं ते त्याला टेप उघडायच्या आधीच कळलं होतं. तो रडला, चांगला हमसून रडला. बाहेर सगळे आपट्याची पानं वाटायच्या गप्पा करत होते.

टेप घेऊन तो पुण्याला जाऊन आला. तिथल्या लोकांनी जमेल तेवढं काढून दिलं. बाकी खात्यांचं फार अडलं नाही. सुताचा साठा, विक्री, कायम माणसांचे पगार, सगळ्याला कागद होते. चार माणसं बसवून ते पुन्हा भरून घेतलं. ज्यांना कागद नव्हता त्यांचंच गेलं. बदली बायांच्या दिवसांचा भाग पट्टीच्या नेमक्या खरवडलेल्या जागी होता आणि तो कोणालाच वाचता आला नाही.

मॅनेजरसाहेबांनी चेहरा पाडला, पण पडता पडता तो हसत होता असं पाहणारे सांगतात. हजेरी नव्याने मोजू, म्हणाले. आमचा नाइलाज आहे. युनियनवाले आरडाओरडा करून गेले. बाया एक दिवस रागाने कामावर गेल्याच नाहीत, आणि त्या दिवशी मुकादमाने दुसऱ्या बाया आत घेतल्या. मग सगळ्यांनी मुकाट्याने डबे उचलले. फाटकावरचं 'आज नको' तसंच चालू राहिलं.

साहेबांनी हनीफला केबिनमध्ये बोलावून विचारलं, पुण्याचे लोक म्हणतात पट्टीवर लाल भुकटी होती, ती कुठून आली? इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ती हीच जागा. खरं सांगितलं तर तो सुटला असता. पण त्या बेबाबाईचं काय झालं असतं? भुकटीचं कोणी ऐकून घेतलं नसतं. रंडकीचा हात लागला आणि साऱ्या बायांचे दिवस गेले, एवढंच गावभर झालं असतं, आणि एका विहिरीपायी घर गेलेल्या बाईची एका डबीपायी गिरणीही गेली असती. हनीफ म्हणाला, टेप माझ्याकडून उघडी राहिली, पूजेत कुठून तरी उडालं असेल, चूक माझी आहे. साहेबांना तेवढं पुरे होतं. काचेची खोली काढून घेतली आणि त्याला टाइम ऑफिसच्या खिडकीत बसवलं, फाटकापाशी, कार्डं देणं-घेणं करायला.

आता रोज त्या बाया त्याच्यासमोरून जात. कोणी बोलत नसे. एक-दोघी थुंकून पुढे जात. पुरुषांत तर वेगळीच कुजबुज होती: खंडेनवमीलाच कसं बिघडलं, आणि कोणाच्या ताब्यात होतं, समजा काय ते. तोताराम सगळं जाणून होता, पण त्याने खटक्यापायी आपली नोकरी का घालवावी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय हे हनीफला शिकवायला कोणी नको होतं. जरीना, त्याची बायको, रोज एकच सांगे. निदान त्या बाईला तरी खरं सांग. सगळी गिरणी तुला नासका म्हणते आणि तू कोणाची झाकली मूठ सांभाळतोयस? हनीफ ताट पुढे सरकवून उठायचा. त्याला झोप लागेना, भूक लागेना. नोकरी सोडावी असं रोज वाटायचं. पण सोडली तर मुद्दाम केलं म्हणणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरणार होतं.

आणि या सगळ्यात एकटी बेबाबाई त्याला विचारायची, भाऊ, बरं शे ना? ते सगळ्यात असह्य होतं.

दिवाळी होऊन गेली. तिचे दिवस भरायचे तो महिना कोरडा गेला. एका दुपारी सुट्टीत ती खिडकीपाशी आली. माठातलं पाणी प्यायली, गडू पालथा घातला आणि उभीच राहिली.

"भाऊ, उद्यापाईन मी येत नही."

हनीफने विचारलं, का, मुकादम काही बोलला का? तिने मान हलवली. मग खाली बघत बोलली. "मना हात लागना म्हनीसन बठ्ठास्ना दिन गयात. तू कोनले सांगं नही, माले माहीत शे. पन मी आठे ऱ्हायनू ते यास्ना पुढला दिन बी जातीन."

तिच्या हातामुळे सगळ्यांचे दिवस गेले, आणि ती इथे राहिली तर पुढचेही जातील, असं तिचं म्हणणं. जे लोकांनी म्हणू नये म्हणून त्याने सगळं अंगावर घेतलं होतं, ते ती खंडेनवमीपासून स्वतःच म्हणत होती. एकटीच, रोज, त्याच्यासमोरून कार्ड घेऊन जाताना. आता गप्प बसण्यात काही अर्थ नव्हता. तो खिडकीतून उठून बाहेर आला आणि आयुष्यात पहिल्यांदा भडाभडा बोलला. हाताचा काही संबंध नाही, म्हणाला. ती पट्टी फार नाजूक असते, तिला धूळसुद्धा चालत नाही. कुंकवाची भुकटी फटीतून आत गेली आणि तिने पट्टी खरवडली. त्या दिवशी नानांच्या सुनेने वाहिलं असतं, नव्या नवरीने वाहिलं असतं, तरी हेच झालं असतं. रांगोळीने झालं असतं, पिठाने झालं असतं. आणि मी समोर उभा होतो, आक्का. मला दिसत होतं. मी नको म्हणालो नाही. टेप उलटी वाचून बघितली नाही. खटका पडताना नानांना थांबा म्हणालो नाही. दिवस माझ्या तोंडाने घालवले, तुमच्या हाताने नाही.

बोलता बोलता त्याचा श्वास बापासारखा वाजू लागला. तिने सगळं ऐकून घेतलं. भुकटी, फट, पट्टी, सगळं तिला नीट समजलं. ती अडाणी होती, बावळट नव्हती. मग तिने एकच विचारलं.

"कुंकू ते मनाच हातनं ना, भाऊ?"

"हो," हनीफ म्हणाला.

"मंग काय फरक पडना?"

त्यात राग नव्हता, रडणं नव्हतं. ती त्याच्यावर रुसलीही नव्हती. इतके दिवस तिच्यापाशी नुसता संशय होता; तो खरा की खोटा हे विचारायलाच ती बहुधा खिडकीपाशी आली होती. हनीफने तिला पुरावा दिला होता, कुंकू कसं आत गेलं, कुठे लागलं, सगळं जागच्या जागी दाखवून. जेव्हा बोलायचं होतं तेव्हा तो दोनदा गप्प राहिला, आणि जेव्हा ती एका 'नाही'साठी उभी होती तेव्हा त्याने खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाळीचा भोंगा झाला, बाया कार्डं घेऊन आत गेल्या. एक कार्ड खाचेत तसंच राहिलं. मुकादमाने येऊन सांगितलं की तिची जागा भरलीय, कार्ड काढून टाक. हनीफ हो म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत त्याने ते काढलं नाही.